सब्लिमेशन छपाई : अडले ते कापडापाशी

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या आमच्या गटाने सिंहगड चढायचे ठरवले, तेव्हा चाळीस टी-शर्ट छापून आणण्याची जबाबदारी मी घेतली. नक्षी तयार करणे आणि ती कागदावर उलटी छापून घेणे ही कामे दोन दिवसांत उरकली. सब्लिमेशनमध्ये हा कागद मग गरम प्रेसखाली दाबून नक्षी कापडावर उतरवतात.

रविवार पेठेतील एका घाऊक विक्रेत्याला मी तीनदा विचारले होते की, कापड पूर्ण पॉलिस्टरचे आहे ना. "ड्रायफिट आहे, निर्धास्त न्या," असे त्याने सांगितले; ड्रायफिट म्हणजे घाम लवकर सुकणारे कापड. प्रत्यक्षात छपाई फिकी उठली आणि पहिल्याच धुण्यात गडाची आकृती धुरकट झाली. विक्रेता छपाईला दोष देई, छपाईवाले काका कापडाला. या दोघांकडे मी आठ दिवस हेलपाटे घातले. अखेर काकांनी आतल्या दुमडीतून कापडाची बारीक पट्टी कापून पेटवली. ती कागदासारखी जळत गेली आणि मऊ राख उरली. शुद्ध पॉलिस्टर वितळून आक्रसते आणि टोकाशी कडक गोळी धरते. शिवणीचा दोरा मात्र जाळून पाहू नये, कारण सुती कपड्यातही तो अनेकदा पॉलिस्टरचाच असतो.

सुमारे २०० अंश सेल्सिअसला कागदावरचा रंग द्रव न होता थेट वायुरूप होतो, ज्याला शाळेत आपण संप्लवन म्हणून शिकलो. त्या उष्णतेने सैल झालेल्या पॉलिस्टरच्या तंतूंत तो शिरतो आणि कापड निवताच आत अडकून बसतो. सुती तंतू त्याला असा धरून ठेवत नाहीत, म्हणूनच आमचा गड धुऊन गेला. या छपाईत पांढरी शाई वापरत नाहीत, त्यामुळे टी-शर्टही पांढरा किंवा अगदी फिका घ्यावा.

दुसऱ्या दुकानात मी आधी एकच नग घेतला, पट्टी जाळून पाहिली, छापून धुतला आणि मगच उरलेले घेतले. कागदावरचे रंग मरगळलेले दिसतात, त्याने घाबरू नये; ते दाबाखालीच खुलतात. मात्र कागद ठेवण्यापूर्वी कापड काही सेकंद गरम प्रेसखाली नुसते दाबून त्यातला ओलावा घालवायला हवा, आणि कागद काढताना तो सरकला तर नक्षीला सावली पडते. काकांनी पन्नास सेकंदांनी पहिला कागद उचलला, तेव्हा भगवा इतका लख्ख उमटला होता की मला भरून आले.

पहिल्या चाळीस टी-शर्टांचे पैसे त्या विक्रेत्याने अद्याप परत केलेले नाहीत.