पावती नाही आणि लॉगही नाही

नव्या सर्व्हरवर गेल्यावर पहिल्याच सोमवारी तक्रार आली: पावतीची पीडीएफ निघत नाही. अशा वेळी आधी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहून ठेवलेल्या नोंदी, बघायचा, हे हाताला सवयीचंच. बघायला गेले तर लॉगच्या फोल्डरमध्ये फाइलच नाही. रिकामी असती तरी काहीतरी धागा मिळाला असता.

अ‍ॅप्लिकेशन जुनं. जावाची स्प्रिंग फ्रेमवर्क आहे, पण स्प्रिंग बूट नाही. वॉर (सगळ्याचं एकच पॅकेज) बनवायची आणि टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरमध्ये टाकायची. सर्व्हर उबुंटू २०.०४, टॉमकॅट तिथल्याच पॅकेजमधून बसवलेला. लॉगिंगसाठी वर एसएलएफ४जे १.७ (आमचा कोड याच्याशी बोलतो) आणि खाली लॉगबॅक १.२ (प्रत्यक्ष नोंदी हा लिहितो). लॅपटॉपवर सगळं छान उमटत होतं, त्यामुळे पहिले दोन तास मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. लॉगबॅकची कॉन्फिगरेशनची एक्सएमएल उघडायची, लेव्हल बदलायची, वॉर पुन्हा डिप्लॉय करायची, फोल्डर बघायचं. ज्या फाइलकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तिलाच मी नटवत बसले होते.

सर्व्हर सांभाळणारा सहकारी शेवटी म्हणाला, "अगं, सर्व्हिस सुरू होताना काय म्हणते ते तरी वाच." सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टिमडीचं जर्नल, म्हणजे त्याची नोंदवही, उघडलं. टॉमकॅट उठल्यावर थोड्याच ओळींनी एसएलएफ४जेची ओरड होती: 'क्लास पाथ कन्टेन्स मल्टिपल एसएलएफ४जे बाइंडिंग्ज'. बाइंडिंग म्हणजे एसएलएफ४जेला खालच्या लॉगिंग लायब्ररीशी जोडणारा दुवा; तो एकच हवा. खाली दोन जारची (जावा लायब्ररीच्या फाइलींची) नावं, एक लॉगबॅक-क्लासिक आणि दुसरं एसएलएफ४जे-लॉग४जे१२. निवडलेलं बाइंडिंग लॉग४जे या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीचं. आणि पाठोपाठ लॉग४जेची ती जुनी, ओळखीची कुरकुर, की अपेंडर (नोंदी कुठे तरी नेऊन लिहिणारे भाग) सापडले नाहीत. सापडणार कसे? लॉग४जेची कॉन्फिगरेशन फाइल आमच्याकडे कधी नव्हतीच.

पण मग लॅपटॉपवर कसं चालत होतं? वॉरमधल्या वेब-इन्फ-लिब फोल्डरातली जार टॉमकॅट ७ पर्यंत नावाच्या अक्षरक्रमाने वाचली जायची. ८ पासून तसा काही क्रम ठरलेला नाही, फाइल सिस्टिम ज्या क्रमाने देईल तो क्रम. दोन बाइंडिंग असली की एसएलएफ४जे १.७ जे आधी हाती लागेल ते धरतं. लॅपटॉपवर लॉगबॅक आधी लागत होतं, सर्व्हरवर लॉग४जे. म्हणजे इतके दिवस आमचं लॉगिंग नशिबावर चाललं होतं.

बिल्ड करणाऱ्या मेव्हनकडून डिपेंडन्सी ट्री (कुठलं जार कुणामुळे येतं त्याची यादी) काढली, तर ते लॉग४जेवालं जार एका जुन्या इन-हाउस लायब्ररीच्या पोटातून येत होतं आणि सोबत लॉग४जे १.२ सुद्धा. जी मालिका २०१५ मध्येच निवृत्त झाली ती! डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल या सुरक्षेच्या दोषाचा गोंधळ झाला तेव्हा आम्ही सगळी प्रोजेक्ट्स चाळली होती. तो दोष लॉग४जे २ चा, म्हणून फक्त लॉग४जे-कोअर शोधलं, सापडलं नाही आणि निर्धास्त झालो. असो. पॉममध्ये (मेव्हनच्या फाइलमध्ये) ते जार वगळणारं एक्स्क्लूजन टाकलं, वॉर नव्याने बांधली.

आता लॉग यायला लागला, पण जर्नलमध्ये, आणि तोही डीबग लेव्हलचा, बारीकसारीक नोंदींचा धबधबा. फाइल अजून नाहीच. या वेळी शहाणपण सुचलं आणि लॉगबॅकलाच विचारलं, बाबा रे, तू कुठली फाइल वाचतोयस? त्यासाठी स्टेटस लिसनर क्लास नावाची सिस्टिम प्रॉपर्टी आहे. तिला ऑन-कन्सोल-स्टेटस-लिसनर दिला की लॉगबॅक सुरू होतानाची स्वतःची सगळी हकिकत कन्सोलवर सांगतो. उत्तर आलं: लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल, तीही आमच्या कॉमन युटिलिटी जारमधली. कोणीतरी ती टेस्टच्या रिसोर्सेसऐवजी मुख्य रिसोर्सेसमध्ये ठेवली होती. लॉगबॅक आधी टेस्टवाल्या नावाची फाइल शोधतो आणि ती मिळाली की साध्या नावाच्या फाइलपर्यंत जातच नाही, मग ती वेब-इन्फ-क्लासेसमध्ये का असेना. लॅपटॉपवर हे दिसलं नाही, कारण तिथे कॉन्फिगरेशन फाइलचा मार्ग मीच कधीतरी रन सेटिंगमध्ये लिहून ठेवला होता आणि विसरले होते.

कॉमन जार दुरुस्त करून घेतलं. आता आमची एक्सएमएल वाचली जातेय हे स्टेटसमध्ये दिसलं. आणि त्याखालीच एरर: फाइल उघडता आली नाही, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'.

डिस्क तर व्यवस्थित होती. व्हार-लॉगखालच्या आमच्या फोल्डरची मालकी टॉमकॅट युजरकडे. तरी हट्टाने ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी, परवानगी देऊन पाहिली (नंतर काढली, काळजी नको). सुडो वापरून टॉमकॅट युजरच्या नावाने तिथे हाताने फाइल बनवली, तर बनली! म्हणजे त्याच युजरला मी लिहू देते, पण टॉमकॅट म्हणतो लिहिता येत नाही. डोकं फिरायची वेळ आली. म्हटलं, तात्पुरतं टेम्प फोल्डरमध्ये लिहून बघू. मार्ग बदलला, रीस्टार्ट केलं. एरर गेली. टेम्पमध्ये बघितलं तर तिथेही फाइल नाही. एररही नाही आणि फाइलही नाही.

सहकाऱ्याने खुर्ची सरकवली आणि सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी युनिट फाइल उघडून दाखवली. प्रोटेक्ट-सिस्टिम: स्ट्रिक्ट. प्रायव्हेट-टेम्प: येस. पहिल्या ओळीमुळे जवळजवळ सगळी फाइल सिस्टिम टॉमकॅटच्या प्रोसेसला फक्त वाचण्यापुरती दिसते. लिहायची मुभा तीन-चार ठरावीक ठिकाणी, त्यात टॉमकॅटचं स्वतःचं लॉग फोल्डर आहे, आमचं नाही. मी हाताने बनवलेली फाइल त्या सर्व्हिसच्या कुंपणाबाहेरून बनली होती, म्हणून बनली. दुसऱ्या ओळीमुळे टॉमकॅटला टेम्पसुद्धा वेगळं मिळतं. माझी हरवलेली फाइल 'सिस्टिमडी-प्रायव्हेट'ने सुरू होणाऱ्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरात आरामात वाढत होती.

'सिस्टिमसीटीएल एडिट' ही कमांड देऊन सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये रीड-राइट-पाथ्सची एक ओळ घातली, आमच्या फोल्डरचा मार्ग दिला, एक्सएमएल पूर्ववत केली, रीस्टार्ट. फाइल आली. मी पावतीचं बटण दाबलं आणि लॉगवर टेल (नव्या ओळी दाखवत राहणारी कमांड) लावून बसले.

स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून आली त्याचा माग, लगेच पडला. पावतीतल्या मराठी मजकुरासाठीचा फॉन्ट सापडत नव्हता; जुन्या सर्व्हरवरून तो कॉपी करायचाच राहिला होता. कॉपी करायला मिनिटही लागलं नाही. तक्रारीच्या तिकिटावर मात्र मी दीड दिवस लिहिला.