मलिद्याच्या ताटाभोवती

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. तू बिश्वात हा आमचा झाडांचा सण जवळ आला की आमच्या मंडळाचा मलिदा, म्हणजे आभार मानायचा विधी, ठरलेला. प्रार्थना चालवणाऱ्या हाजानसाहेबांची प्रार्थना, स्वागत, हिशेबाचं वाचन सगळं यथासांग होतं; तेवढा वेळ मी पंखे मोजते. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर काजू-बदाम, भोवती केळी-खजूर असं ताट भरतं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गाणं होतं. मग ज्याला आभार मानायचे असतील तो उठून बोलतो. मी येते ती त्यासाठी.

तलमूद या आमच्या धर्मग्रंथात आभार मानावेत असे चौघे सांगितलेत: समुद्रातून आलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून उठलेला, कैदेतून सुटलेला. आमच्यात वाळवंटवाले कमी, अँजिओप्लास्टीवाले फार. एका वर्षी बोटीवरचा भाचा उठला, "वादळात आईचा मलिदा आठवला" म्हणाला आणि बसला. त्यानंतर लांबलचक बोलायची कुणाची छाती झाली नाही.

यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा असा माणूस तिथे उपकाराचं अर्पण नेई. वायिक्राच्या, म्हणजे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या, सातव्या अध्यायात विधी आहे: मांसासोबत तेलाच्या बेखमीर पोळ्या, शिवाय खमिराची भाकर. रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, हिशेबाने एकूण 40. त्यातल्या 4 कोहेनला, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्याला, उरल्या 36. नवसाच्या अर्पणाचं मांस दुसऱ्या दिवशीही चाले. याचं मात्र सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. एक घर किती खाणार? सोयरे, शेजारी बोलवावेच लागत, आणि आलेला माणूस विचारणारच, कशाबद्दल रे बाबा? माझ्या ऑपरेशननंतर घरच्या घरी मलिदा करू म्हणणाऱ्या नवऱ्याला मी हाच अध्याय दाखवला.

म्हणून बोलणं संपायच्या आत "पार्सल मिळेल का?" विचारणाऱ्यांचा मला राग येतो. दोन गल्ल्यांवर राहणारे उशिरा येतात, लवकर जातात. इस्रायलमधल्या अश्दोदची नणंद मात्र व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत असते, आणि तिला तर खायलाही मिळत नाही!

राबणारे हात सांगायलाच हवेत: नारळ खवणाऱ्या दोघी जावा, पोहे निवडणारी रेवदंड्याची मावशी, पेटीवाले मामा, माईकवाले काका, खुर्च्या मांडणारी कॉलेजची पोरं, सिनेगॉगची देखभाल करणारे शम्माश, भांडी घासणाऱ्या ताई, आणि फळांच्या पाट्या आणणारा रिक्षावाला दादा. तो आमच्यातला नव्हे, पण हजेरीत आमच्यातल्या पुष्कळांच्या पुढे आहे.

परवा मावशीचा फोन आला. गेल्या वर्षी माणसं कमी होती, यंदा पोहे पाच किलोच घेऊ का? मी सात सांगितले.