यास्नाया पोल्याना नावाची दोन गावे: प्रवासाचा वृत्तांत आणि काही सूचना

रशियातल्या तुला शहराच्या रेल्वे स्थानकाबाहेर उभे राहून मी मुक्कामाच्या घरमालकीणबाईंना फोन लावला, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही कोणत्या यास्नाया पोल्यानात आहात?" माझे आरक्षण लेखक लिओ टॉलस्टॉय यांच्या गावातले नव्हते, ते तेथून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, लिथुआनियाच्या सीमेजवळ असलेल्या, रशियाच्याच कालिनिनग्राद प्रांतातल्या त्याच नावाच्या खेड्यातले होते. गावाचे नाव मी नीट वाचले होते, प्रांताचे मात्र वाचले नव्हते. त्या रात्रीचे पैसे बुडाले. पण एकाच नावाची ही दोन्ही गावे पाहूनच परतायचे, हेही तिथेच ठरले.

आपल्याकडे वडगाव म्हटले की कोणते वडगाव, बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, हे विचारावेच लागते. रशियातही बोल्शोये म्हणजे मोठे, मालोये म्हणजे धाकटे, स्ताराये म्हणजे जुने, अशी विशेषणे गावांच्या नावांमागे लागतात. परंतु यास्नाया पोल्यानाला असे काहीच लागत नाही आणि या नावाची गावे रशियाच्या इतर प्रांतांतही आहेत. म्हणून पत्ता शोधताना गाव, रायोन म्हणजे तालुका आणि ओब्लास्त म्हणजे प्रांत ही तिन्ही नावे लिहावीत आणि सहा आकडी पिनकोड ताडून पाहावा. तुला प्रांताचे पिनकोड ३०० किंवा ३०१ ने सुरू होतात, तर कालिनिनग्रादचे २३६ ते २३८ ने.

टॉलस्टॉय यांचे गाव तुला प्रांताच्या श्चोकिनो रायोनमध्ये आहे. मॉस्कोच्या कुर्स्की स्थानकावरून जलद गाडीने तुलाला पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. तेथून श्चोकिनोकडे जाणारी मिनीबस घ्यावी, यास्नाया पोल्यानाचा फाटा आला की सांगा असे चालकाला आधीच सांगून ठेवावे आणि पुढचे अंतर पायी जावे. सोमवारी जाऊ नये, कारण संग्रहालय त्या दिवशी बंद असते.

दोन पांढऱ्या गोल बुरुजांमधून आत गेल्यावर डावीकडे मोठे तळे लागते आणि समोर बर्च झाडांचा चढा रस्ता सुरू होतो. त्याला घरचे लोक 'प्रेश्पेक्त' म्हणत. लेखक ज्या घरात १८२८ मध्ये जन्मले, ते घर आज तेथे नाही. जुगारातले कर्ज फेडण्यासाठी ते १८५४ मध्ये विकले गेले आणि विकत घेणाऱ्याने ते उतरवून दुसऱ्या गावी नेले. त्या जागी आता झाडे आहेत आणि एक लहानसा दगड आहे. आज जे घर दाखवतात, ती मूळ वाड्याची बाजूची इमारत. 'युद्ध आणि शांती' येथे लिहिली गेली. आतले बावीस हजारांच्या आसपास ग्रंथ पाहण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

परंतु या गावी येणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ थडग्यापाशी द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या राईतून वीसेक मिनिटे चालत गेल्यावर दरीच्या काठावर गवताने झाकलेला एक लांबट उंचवटा दिसतो. त्यावर क्रूस नाही, दगड नाही, नावही नाही. सर्व माणसे सुखी होण्याचे रहस्य कोरलेली एक हिरवी काठी येथे पुरली आहे, असे थोरला भाऊ निकोलाय लहानपणी सांगत असे, म्हणून टॉलस्टॉय यांनी हीच जागा मागून घेतली होती. मी गेलो त्या दिवशी गवतावर पावसाचे थेंब होते आणि कोणीतरी ठेवलेली तीन रानफुले भिजून चिकटली होती. तेथे कोणी मोठ्याने बोलत नाही; आपणही बोलू नये. परतताना प्रवेशद्वारासमोरच्या उपाहारगृहात टॉलस्टॉय कुटुंबाच्या पाककृतीची, लिंबाच्या सारणाची 'आन्कोव्स्की पाय' नावाची केकसारखी मिठाई मिळते. ती अवश्य खावी.

दुसऱ्या यास्नाया पोल्यानासाठी मॉस्कोहून कालिनिनग्रादला विमानानेच जावे. हा प्रांत उरलेल्या रशियाला जोडून नाही, म्हणून रेल्वे लिथुआनियातून जाते आणि तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते, त्यामुळे भारतीय पारपत्रावर तो मार्ग कटकटीचा आहे. कालिनिनग्रादची वेळ मॉस्कोपेक्षा एक तास मागे आहे, हे तिकिटे काढताना लक्षात ठेवावे. तेथून पूर्वेकडे नेस्तेरोव्हपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करावी. काही भाग सीमाक्षेत्रात मोडतो आणि तेथे परदेशी माणसाला पास लागतो. म्हणून आपल्या वाटेवरची हद्द निघण्यापूर्वी तपासावी.

हे गाव १९४५ पर्यंत जर्मनीत होते आणि त्याचे नाव होते ट्राकेनेन. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम पहिला याने १७३२ मध्ये येथे घोड्यांची शाही पैदासशाळा उभारली आणि ट्राकेनर ही घोड्यांची जात याच गावावरून ओळखली जाते. महायुद्धानंतर हा मुलूख सोव्हिएत संघात आला, जर्मन नावे पुसली गेली आणि या खेड्याला दूरच्या तुला प्रांतातले नाव मिळाले. तुलातले नाव तिथल्या मातीत रुजलेले आहे: 'यास्नाया' म्हणजे उजळ, किंवा काहींच्या मते 'यासेन' म्हणजे अ‍ॅश या झाडावरून पडलेले. येथे ते कागदावर ठेवले गेले, आणि जुन्या झाडांच्या रांगांमधून चालताना मला ते सतत जाणवत होते. पैदासशाळेच्या प्रमुखाचे विटांचे मोठे घर अजून उभे आहे. त्याच्यासमोर १९३२ मध्ये बसवलेला टेम्पेलह्युटर या घोड्याचा मूळ कांस्यपुतळा मात्र युद्धानंतर मॉस्कोला गेला आणि तो तेथील अश्वसंग्रहालयात आहे. मॉस्कोत एक दिवस हाताशी असेल तर तो आधी पाहून मग या गावी यावे, म्हणजे ते घर वेगळे दिसते.

भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत, म्हणून रोख रक्कम सोबत हवी. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत आणि रशियन लिपीतले गावाचे पूर्ण नाव, प्रांतासह, एका कागदावर लिहून चालकाच्या हाती द्यावे. नेस्तेरोव्हहून नेलेली टॅक्सी सोडून देऊ नये; परतीचे भाडे ठरवून ती थांबवून ठेवावी, कारण गावात दुसरी मिळेल याची खात्री नाही.