डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या एजंटसाठी टूलचे वर्णन लिहिताना : माझा अनुभव

शेतमालाच्या बाजारभावांच्या डेटाबेसला साध्या मराठीत प्रश्न विचारता यावेत म्हणून आमच्या संस्थेत एआय एजंट (भाषा-मॉडेलवर चालणारा, स्वतः पायऱ्या ठरवून काम करणारा प्रोग्रॅम) वापरायचे ठरले, तेव्हा त्याला द्यायच्या टूल्सची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती आणण्यासाठी तो वापरू शकेल अशा फंक्शन्सची, वर्णने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. हे काम कोड लिहिण्याइतकेच जबाबदारीचे आहे असे माझे ठाम मत झाले आहे, कारण एजंटमागच्या भाषा-मॉडेलला डेटाबेस दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पाठवायची हे सांगणारी जेसन स्कीमा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स आणि माहिती जोडण्याची सामाईक पद्धत) टूलची ओळख याच गोष्टींतून करून दिली जाते. आमच्याकडे आधीपासून असलेले वर्णन मात्र 'बाजारभावाची माहिती मिळवते' एवढेच होते.

सुरुवात मी टेबलातील एका ओळीचा अर्थ लिहून काढण्यापासून केली. एक ओळ म्हणजे एका बाजार समितीत, एका तारखेला, एका शेतमालाच्या एका जातीची नोंद. आवक क्विंटलमध्ये, आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर, रुपये प्रति क्विंटल. बाजार समितीत वावरणाऱ्या माणसाला यातले काहीच सांगावे लागत नाही. परंतु 'काल लासलगावला कांदा काय भावाने गेला?' या प्रश्नावर एजंट लाल आणि उन्हाळी कांद्याच्या दोन ओळींपैकी पहिली उचलत असे, आणि शेतकऱ्याने किलोचा भाव विचारला तरी क्विंटलचाच आकडा पुढे करत असे. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहिले, की जात सांगितलेली नसेल तर सर्व जातींचे दर वेगवेगळे द्यावेत, आणि किलोचा दर हवा असल्यास १०० ने भागावे.

सर्वांत जास्त वेळ 'सरासरी' या एका गोष्टीने घेतला. जिल्ह्याचा सरासरी दर विचारला की एजंट सर्व समित्यांच्या सर्वसाधारण दरांची साधी सरासरी काढत असे. अशा हिशेबात जिथे ५० क्विंटल माल आला ती समिती आणि जिथे १०,००० क्विंटल आला ती समिती सारख्याच वजनाच्या ठरतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक माल कोणत्या दराने विकला गेला हे झाकले जाते. केवळ सूचना लिहून हा प्रश्न सुटेल यावर माझा विश्वास नव्हता. त्यामुळे आवकेनुसार भारित सरासरी (जास्त माल आलेल्या समितीच्या दराला जास्त वजन देणारी) काढणारे वेगळे टूल तयार करून घेतले, आणि दोन्ही वर्णनांत कोणत्या प्रश्नासाठी हे टूल वापरू नये आणि त्याऐवजी कोणते वापरावे, हेही नोंदवले. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या टूल्सच्या बाबतीत हे नकारार्थी वाक्यच सर्वांत उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

नोंद नसण्याचा अर्थही सांगावा लागला. बाजार बंद असेल त्या दिवशी टेबलात ओळच नसते. ती आवक शून्य असल्याची नोंद नव्हे. आता टूल रिकामे उत्तर न देता 'या तारखेला नोंद नाही, याआधीची शेवटची नोंद अमुक तारखेची आहे' असे कळवते, त्यामुळे एजंट आकडा रचण्याऐवजी ती तारीख सांगून उत्तर देतो. टूलने परत पाठवलेला संदेश हा मला वर्णनाचाच उरलेला भाग वाटतो.

जिल्ह्यांची नावे ही आपल्याकडची खास अडचण. औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, तर अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या नोंदी मात्र जुन्याच नावांनी राहिल्या. पाच वर्षांचा कल विचारला की निम्मी माहिती गळत असे, आणि उत्तर दिसायला पूर्ण असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नसे. इथे नावांऐवजी जिल्ह्यांचे ठरावीक संकेतांक स्कीमातच दिले आणि प्रत्येक संकेतांकासमोर दोन्ही नावे लिहिली. 'गेल्या वर्षी' म्हणजे जानेवारीपासूनचे वर्ष की १ एप्रिलपासूनचे, हा संदिग्धपणा सुरुवातीची आणि शेवटची तारीख सक्तीची करून मिटवला. दोन्ही तारखा धरूनच माहिती मिळते, हेही लिहिले.

एक गोष्ट मात्र वर्णनावर सोपवली नाही. 'फक्त वाचन करावे' असे लिहिल्याने डेटा सुरक्षित होत नाही. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल या आमच्या डेटाबेस प्रणालीमध्ये केवळ सिलेक्टचा, म्हणजे माहिती वाचण्याचा, अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता आणि क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या विचारणेला) वेळेची मर्यादा हवीच.

वर्णन तपासताना मी एजंटच्या उत्तरांपेक्षा त्याने टूलला पाठवलेली माहिती वाचत असे, कारण चुकीच्या जातीचा किंवा चुकीच्या जिल्ह्याचा दरही सफाईदार वाक्यात सांगता येतो. ज्या वाक्यामुळे त्या पाठवलेल्या माहितीत काहीच फरक पडला नाही ते मी काढून टाकले, कारण ही वर्णने प्रत्येक वेळी मॉडेलपुढे ठेवली जातात आणि त्यांची लांबी खर्चात मोजली जाते. स्तंभांचे अर्थ आता डेटाबेसमध्येच, प्रत्येक स्तंभाच्या टिप्पणीत ठेवले आहेत आणि वर्णनाचा तो भाग तिथूनच तयार होतो. त्यामुळे स्तंभाचा अर्थ बदलणाऱ्या सहकाऱ्याने टिप्पणी बदलली की एजंटपुढचे वर्णनही बदलते.