तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बिल्डिंगला अजून किती वर्षं?

जुन्या आरसीसीमधल्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमधल्या, सळयांचा गंज आणि त्याचं गणिती प्रारूप हा माझा पीएचडीचा विषय आहे. हे कळलं की बडोद्यात दांडिया बाजारपासून कारेलीबागेपर्यंत ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "मग आमच्या बिल्डिंगला अजून किती वर्षं?" ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, तेव्हापासून हे विचारणं फार वाढलंय. तिथे पेडेस्टल (खांबावरचा टेकू) आणि सांधा चिरडला गेल्याचं सरकारनं सांगितलं, गंजाचं नाही. तरी चाळीस वर्षांच्या स्लॅबखाली झोपणाऱ्याला धास्ती वाटणारच.

एकच आकडा मी कोणाला देत नाही. का, ते सांगते.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही. सिमेंटमुळे आतला पीएच, म्हणजे अल्कलीपणाचं माप, १२.५ ते १३ असतो आणि त्यात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकत हा पीएच ९ च्या खाली आणतो. तो सळईपर्यंत पोचला की हे संरक्षण गेलं. त्याचं आत सरकणं साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं, आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाला एवढी एक गोष्ट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. १० मिलिमीटर जायला १० वर्षं लागली, तर २० मिलिमीटरला ४० लागतात. म्हणजेच सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, निम्मं झालं की मुदत चौथाईवर येते. स्लॅब भरताना सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक न लावता खडीचा तुकडा सरकवला, किंवा जाळीवरून चालून सळया दाबल्या, तर त्या जागेची कित्येक वर्षं तिथेच जातात. त्या दिवशी हे कोणालाच दिसत नाही.

पुढचा टप्पा गंजाचा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. काँक्रीट ताण सोसत नाही, म्हणून सळईच्या रेषेत तडा जातो आणि पोपडे पडतात. हे दोन टप्पे वेगळे मोजायचे, ही मांडणी कियोस्ती तूत्ती या संशोधकानं १९८२ मध्ये केली. आम्ही अजून तिच्यावरच काम करतो.

बडोद्याच्या हवेत या टप्प्यांचे ऋतूही वेगळे पडतात. कार्बन डायऑक्साइड ५० ते ७० टक्के आर्द्रतेत जोरात शिरतो, गंजाला मात्र त्याहून जास्त ओल लागते. त्यामुळे कोरड्या हॉलचा स्लॅब पीएच उतरल्यावरही वर्षानुवर्षं नीट राहतो आणि गळक्या बाथरूमखालचा आधी फुटतो. पार्किंगमधल्या कॉलमचा पायथाही असाच. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांचे कॉलम पाण्यात उभे होते, त्यांनी तो भाग आधी तपासून घ्यावा.

माझं काम अनिश्चिततेचं आहे. एकाच स्लॅबमध्ये कव्हर कुठे १२ मिलिमीटर निघतं, कुठे ३०. मग कव्हर, ओल, काँक्रीटची सच्छिद्रता या सगळ्यांचे पल्ले धरून संगणक हजारो वेळा हिशेब करतो, आणि हाती येते ती अमुक वर्षांत तडा जाण्याची शक्यता. सगळ्यात कठीण क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार. आरसीसीसाठी मिसळायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. खाऱ्या बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवलं असेल, तर सळईला खड्डे पडतात. एखादा खड्डा सरासरी झिजेच्या चार ते आठ पट खोल जातो, आणि वर तडा दिसेलच असं नाही. या इमारतींची मला खरी काळजी वाटते.

म्हणून विचारणाऱ्यांना मी म्हणते, आधी गळती थांबवा. मग न फोडता मोजणाऱ्या कव्हर मीटरनं कव्हर मोजून घ्या आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे पीएचनुसार रंग बदलणारं रसायन मारून बघा. गुलाबी झालं तिथे पीएच शाबूत आहे, रंग आला नाही तिथे गेलाय. पोपडे पडलेत तिथे नुसतं प्लास्टर करून रंग मारू नका, आत गंज चालूच राहतो. दुरुस्तीचं कोटेशन आलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी विचारा: काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणार का, आणि सळई साफ केल्यावर तिची जाडी मोजणार का. त्या कोटेशनमध्ये लिहिलेल्या नसतील, तर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.