शाखा येथे थांबली

गेले आठ महिने मी आमच्या माहेरच्या कुलवृत्तांताची प्रुफं तपासते आहे. तीस वर्षं हेच काम पोटासाठी केलं, आता घरच्यांसाठी फुकट करते. पान २१२ वर माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद आहे. जन्म, शिक्षण, जंगलखात्यातली नोकरी, आणि शेवटी : 'पत्नी सौ. लक्ष्मीबाई. कन्या ५. पुत्रसंतती नाही. शाखा येथे थांबली.' (नवऱ्यामागे पंधरा वर्षं जगलेली बाई 'सौ.' कशी, असा प्रश्न मी समासात टाकून ठेवलाय.)

पाच मुली. त्यांना मिळून चौदा मुलं, त्यात आठ मुली. त्या आठ जणींपैकी तिघी अजून दर दिवाळीत मला फोन करतात. आणि शाखा मात्र थांबली! व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात चूक नाही, त्यामुळे लाल पेन चालवायला जागा नाही.

त्याच महिन्यात माझा डीएनएचा रिपोर्ट आला. हे खूळ भाच्याचं. तो परदेशातून येताना किट घेऊन आला होता. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडात एवढी लाळ येते कुठून? चिंच डोळ्यांसमोर आणून आणून कशीबशी भरली, तर तो नमुना वाया गेला म्हणून दुसरी नळी आली. पुन्हा चिंच. रिपोर्टात पाय चार्ट वगैरे बरंच रंगीत काही होतं. मी थांबले ते एका ओळीवर : मातृवंश, हॅप्लोग्रुप (म्हणजे एका मुळातून फुटलेल्या वंशांचा गट) एम५ए१. शेजारी जगाचा नकाशा, आणि आफ्रिकेतून निघून अरबी समुद्राच्या कडेकडेने आपल्याकडे आलेला एक जाड बाण. जणू बायकांनी तिकिटं काढून ठेवली होती.

शाळेत आपण ज्यांना तंतुकणिका म्हणून शिकलो, त्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा वेगळा छोटासा डीएनए असतो. १६,५६९ अक्षरांचा (अक्षरं चारच : ए, सी, जी, टी), गोल, सदतीस जनुकांचा. तो फक्त आईकडून येतो. बापाच्या शुक्राणूतल्या तंतुकणिका बीजांडात शिरल्या तरी तिथे त्यांचा निकाल लावला जातो. म्हणजे माझ्यात आहे तो माझ्या आईचा, तिच्यात तिच्या आईचा. भेसळ नाही, नुसती नक्कल.

नक्कल म्हटलं की चूक आली, आणि चूक म्हटलं की माझा प्रांत. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला सुरुवात आणि १९६६ ला पूर्ण, तेव्हा देशभरातून बाराशेच्या वर पोथ्या जमवल्या होत्या. त्यांची कुळं लावताना चुकांचा मोठा उपयोग होतो. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चुकीचा शब्द दिसला, तर त्या दोन्ही कुठल्या तरी एकाच पोथीवरून उतरवलेल्या असणार, कारण नेमकी तीच डुलकी दोन लेखनिकांना लागणं कठीण. मातृवंशाचा शोध अगदी असाच घेतात. १०,४०० व्या जागी सगळ्यांकडे 'सी' असताना कुणा एकीच्या प्रतीत 'टी' पडला, आणि तिच्या लेकींच्या लेकींनी तो इमानेइतबारे पुढे उतरवला. एम म्हणजे ही टी-वाली पोथी. आणखी दोन-तीन जागाही तिच्याच खुणा आहेत. त्यात पुढे पडलेल्या चुकांवरून एम२, एम५, एम३० अशा उपशाखा. टिकून राहणारी नवी चूक सगळ्या १६,५६९ अक्षरांत मिळून साधारण साडेतीन हजार वर्षांत एकदा पडते. दीडशे पिढ्यांत एक! आमच्या छापखान्यात दीडशे पानांत एक पडली असती तरी मालकांनी पेढे वाटले असते.

बरं, ताडून बघायला जी 'प्रमाण प्रत' वापरतात, तिचीही गंमत आहे. १९८१ मध्ये केंब्रिजला हा डीएनए पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, बराचसा एका युरोपीय वंशाच्या बाईच्या वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. तिच्यात ज्या खास तिच्या घराण्याच्या चुका होत्या, त्या आपोआप शुद्ध ठरल्या आणि बाकीचं जग तिच्याशी ताडलं जाऊ लागलं. १९९९ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा वाचनातल्याही चुका निघाल्या. ३,१०७ व्या जागी एक अक्षर जास्तीचं मोजलं गेलं होतं. काढून टाकावं तर पुढचे सगळे क्रमांक एकाने मागे सरकणार आणि तोवर छापलेले सगळे शोधनिबंध चुकीचे ठरणार. मग काय केलं? अक्षर काढलं आणि जागा तशीच रिकामी ठेवली. आजही ३,१०७ वर काही नाही, नुसती धरून ठेवलेली जागा. हे वाचलं तेव्हा मला कुणी तरी आपलं भेटल्यासारखं झालं.

तर एम. आफ्रिकेत एल३ नावाचं मूळ खोड, साधारण सत्तर हजार वर्षांपूर्वीचं. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांचे जुने मातृवंश त्याच्या दोनच फांद्यांवर बसतात, एम आणि एन. भारतीय उपखंडात दहातली सहा माणसं एमची. डोंगरातल्या पाड्यावर जा नाहीतर पेठेतल्या वाड्यात, तीच. जातीपातींत बापाकडच्या वंशांत जेवढा फरक दिसतो, तेवढा आईकडच्यांत दिसत नाही. अंदमानच्या ओंगी आदिवासींमध्ये एम३१ आणि एम३२ सापडतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ते जगापुढे मांडलं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत एम४२ आहे आणि त्याची लांबची बहीण मध्य भारतातल्या काही आदिवासींत. पश्चिमेकडे मात्र एमची ही फांदी वठली. आजच्या युरोपीय लोकांत एम जवळजवळ नाही, पण २०१६ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समधल्या हिमयुगातल्या हाडांत तो सापडला. म्हणजे तिथेही त्या बायका पोचल्या होत्या. पुढे कडाक्याच्या थंडीत त्यांच्या ओळी संपल्या.

इथे मला एकदम माझं आजोळ आठवलं. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची राख भारतभर पडली. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी आहे, तिथे राखेचा असा थर आहे आणि त्याच्या आसपास दगडी हत्यारं. ती राख टोबाच्या याच स्फोटाची की फार जुनी, यावर विद्वानांची अनेक वर्षं जुंपलेली आहे. आम्ही लहानपणी नारायणगावहून बैलगाडीने तिकडे पाहुण्यांकडे जायचो, तेव्हा ती पांढुरकी माती भांडी घासायला बरी एवढंच माहीत होतं.

आई नारायणगावात जन्मली. तिची आई ओतूरची. तिची आई, म्हणजे माझी पणजी, पलीकडच्या अकोले तालुक्यातल्या कोतुळची. बाण समुद्राच्या कडेने गेला खरा, पण खरा प्रवास असा झालेला असतो : दर पिढीला एक मुलगी घरातून निघते आणि गाडीच्या दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन राहते. पुरुष जिथल्या तिथे, सातबाऱ्यावर. थायलंडच्या डोंगराळ जमातींत २००१ मध्ये याचा पडताळा घेतला गेला. जिथे मुली सासरी जातात तिथे एकेका गावात मातृवंशांची विविधता जास्त, आणि जिथे नवरे बायकोच्या घरी राहायला येतात तिथे बापाकडच्या वंशांची. आपल्या कुलवृत्तांतात मूळ गाव एक आणि घराणी बारा, याचं कारणही हेच. गाव सोडणाऱ्यांची नोंदच नाही.

आणि एक जण दोन दिवसांच्या वाटेहून फार लांब गेली. एम५ए१ युरोपात सापडतो तो रोमा लोकांत. बल्गेरियात, थेट स्पेनमध्येही. हे लोक सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघाले, इराण-आर्मेनियामार्गे बाल्कनमध्ये पोचले, आणि १४२५ मध्ये स्पेनमधल्या अ‍ॅरागॉनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला दिलेला परवाना आजही आहे. लोकांना वाटलं इजिप्तमधून आले, म्हणून 'जिप्सी' हे नाव पडलं. त्यांच्या भाषेचं भारतीय कूळ रुडिगर नावाच्या जर्मनाने १७८२ मध्ये दाखवलं. पाण्याला ते पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान, दाताला दांद. २००१ च्या एका अभ्यासात चौदा रोमा समूहांमध्ये मिळून चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक मातृवंश एमचे निघाले. बाकीच्या बायका वाटेवरच्या, तिथल्या तिथे नांदायला आलेल्या. रोमानियाच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लोक गुलाम होते, हिटलरच्या काळात लाखांनी मारले गेले. त्यांच्यातल्या कुणाच्या आईच्या आईची आई आणि माझी पोथी कधी काळी एकाच हातची. फार जवळचं नातं आहे असं मी म्हणत नाही. हजारो वर्षांचं अंतर आहे, शिवाय दहा पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत १,०२४ जागा होतात आणि हा डीएनए त्यातल्या फक्त एकीचा. उरलेल्या १,०२३ जणांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. हे मी अण्णाकाकांनाही सांगितलं. ते कुलवृत्तांत समितीचे प्रमुख.

ते म्हणाले, "मग त्या एकीचं एवढं काय गं?"

म्हटलं, काका, तुमचं पुस्तकही एकाच ओळीचं आहे की.

१९८७ मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी १४७ जणांचा डीएनए तपासला, तोही बहुतेक वारेतूनच मिळवलेला, आणि सगळ्या ओळी मागे जात जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एकीपाशी मिळतात असं दाखवलं. वर्तमानपत्रांनी तिला ईव्ह करून टाकलं. पण ती काही जगातली एकटी बाई नव्हती. तिच्या काळात हजारो होत्या. फरक एवढाच की बाकीच्यांच्या ओळीत कुठे ना कुठे एक पिढी अशी आली, जिच्यात नुसते मुलगे झाले किंवा मूलच झालं नाही. या हिशेबात मुलग्यांवर ओळ संपते. मला एकच मुलगा. म्हणजे माझी शाखा येथे थांबली. बहिणीला मुलगी आहे, तेव्हा आईची चालू आहे. आणि पान २१२ वरच्या लक्ष्मीबाई जोरात आहेत, दोन पणत्या गेल्या वर्षात झाल्या.

अण्णाकाकांनी बऱ्याच कटकटीनंतर परिशिष्टात अर्धं पान दिलं. 'पान वाढलं तर फॉर्म वाढतो' हे मलाच समजावून सांगितलं. (फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायच्या पानांचा संच.) त्या अर्ध्या पानावर मी नमुन्यादाखल माझ्या आईकडची ओळ लावायला घेतली. पहिली अडचण नावांची. सासरी आलेल्या सुनेचं नाव तांदळात अंगठीने लिहिलं की आधीचं पुसलं गेलं. आजी सासरची रमाबाई, माहेरची ठकू. पणजी सासरची सरस्वती, माहेरची चिमा, हे आईला ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायला ओतूरच्या मामींना फोन केला. नव्वदीच्या आहेत, ऐकायला कमी येतं.

"चिमाआजीची आई? ती घाटाखालची गं," मामी म्हणाल्या. "घाटाखालचीच म्हणायचे तिला सगळे."

"नाव काय होतं पण?"

"नावाने कोण हाक मारतंय?"

म्हणजे नाणेघाट नाहीतर माळशेज चढून ती वर आली असेल, अंगावरच्या कपड्यानिशी आणि १६,५६९ अक्षरांनिशी.

काल शेवटचं प्रूफ दिलं. पान २१२ वर 'शाखा येथे थांबली' खोडून 'कन्यांची माहिती परिशिष्टात' केलं, आणि 'सौ.' चं 'श्रीमती'. परिशिष्टातल्या ओळीत माझं नाव, मग आई, ठकू, चिमा, आणि पाचव्या जागी एक आडवी रेघ. संध्याकाळी अण्णाकाकांचा फोन आलाच.

"अगं, पाचवं नाव टाकायचं राहिलंय का?"

"नाही काका, राहिलेलं नाही. जागा धरून ठेवली आहे."

"पण छपाईत चूक वाटेल."

"वाटू दे," म्हटलं. "रेघ काढू नका फक्त, क्रमांक मागे सरकतील."