हे दोघं प्रेमात पडले कधी?

स्टार ट्रेक व्हॉयेजर बघितलेल्या कुठल्याही माणसासमोर नुसतं "चकोटे आणि सेव्हन" एवढं म्हणून बघा. एकतर तो कपाळाला हात लावेल, नाहीतर पुढचा अर्धा तास तुमची सुटका नाही. मी दुसऱ्या प्रकारात मोडते. तेव्हा आधीच सांगून ठेवते, हे लांबणार आहे.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात (मालिका २००१ मध्ये संपलीये, त्यामुळे स्पॉयलरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही). व्हॉयेजर नावाचं यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं आणि मग सात सीझन घरी परतायची खटपट. जेनवे कॅप्टन, चकोटे तिचा फर्स्ट ऑफिसर. चौथ्या सीझनला, १९९७ मध्ये, सेव्हन ऑफ नाइन येते. ही मूळची अ‍ॅनिका हॅन्सन, सहा वर्षांची असताना बोर्गनी (माणसांना पकडून त्यांच्यात यंत्रं बसवणारी, एकाच मनाने चालणारी जमात) उचलून नेलेली, पुढची अठरा वर्षं त्यांच्या त्या सामूहिक डोक्याचा एक तुकडा म्हणून जगलेली. तिला तिथून तोडून यानावर आणतात आणि मग चार सीझन ती माणूस व्हायला शिकते. जेवायला शिकते, चुकायला शिकते, ऑर्डर मोडायला तर फारच लवकर शिकते. सहाव्या सीझनमध्ये बोर्गांनी मागे टाकलेली पोरं सापडतात तेव्हा ही सगळ्यांना शिस्तीत वाढवायला लागते, वेळापत्रक वगैरे लावून. मालिकेत तिच्याइतका लांबचा प्रवास कोणाचाच नाही असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

तर अशी ही सेव्हन. मालिकेचा शेवटचा भाग सुरू होतो आणि अचानक कळतं की बाईसाहेब चकोटेबरोबर डेटवर जातायत. चकोटे! ज्याच्याशी ती चार वर्षांत बहुतेक वेळा "कमांडर" एवढंच बोलली असेल. तेवढ्यावर थांबतात का, नाही. भविष्यातून म्हातारी अ‍ॅडमिरल जेनवे येते आणि सांगते की अजून तीन वर्षांनी सेव्हन मरणार आहे, आणि मरणार आहे नवऱ्याच्या मिठीत. नवरा कोण, तर चकोटे. म्हणजे आम्ही अजून पहिली डेट पचवत होतो आणि यांचं लग्नही झालं, ती गेलीसुद्धा, आणि तो उरलेलं आयुष्य खचून जगला. एवढी ट्रॅजेडी एका वाक्यात सांगून झाली आणि आम्ही रडायचं कुठून हे शोधत बसलो.

माझी एक मैत्रीण म्हणते, अगं प्रेम असंच होतं, कारण थोडंच लागतं. बरोबर आहे, आयुष्यात नसेल लागत. पण गोष्टीत काहीतरी खूण तरी सोडा ना मागे. एखादं भांडण, एखादं उगीच रेंगाळलेलं वाक्य, कोणीतरी कोणाकडे जरा जास्त वेळ बघितलंय, काहीही. आणि सायन्स फिक्शनकडून तर मी हे हक्काने मागणार, कारण तिथे बाकी सगळ्याला कारण देतात हो! ट्रेकमधला ट्रान्सपोर्टर घ्या. कणांची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके कळू शकत नाहीत हे अनिश्चिततेचं तत्त्व आडवं येतं, मग माणसाला कणाकणाने उचलून दुसरीकडे ठेवणार कसं? तर यांनी त्यात "हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर" नावाचा भाग बसवून टाकला. तो चालतो कसा हे कोणी सांगत नाही, पण निदान अडचण आहे हे मान्य तरी केलं! त्या एवढ्याशा कष्टावर मी ट्रान्सपोर्टर बिनतक्रार मानला आजवर. आणि दोन जिवंत माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतायत तर त्यासाठी एक साधा कॉम्पेन्सेटर नाही?

बरं, लेखकांना हे जमत नव्हतं असं म्हणावं तर तेही नाही, ह्याच मालिकेत टॉम पॅरिस आणि बेलाना टोरेस आहेत. दोघं आधी नुसते एकमेकांना टोमणे मारतात, मग हळूहळू बरोबर दिसायला लागतात, आणि मग चौथ्या सीझनमध्ये दोघं स्पेससूट घालून अंतराळात तरंगतायत, ऑक्सिजन संपत आलाय, आता आपण मरणार अशी खात्री झाल्यावर बेलाना एकदाची कबूल करते की तुझ्यावर प्रेम आहे माझं. भांडखोर बाई ती, मरण समोर दिसल्याशिवाय तोंडातून शब्द काढणार नाही हे इतकं पटतं ना. लग्न होतं थेट सातव्या सीझनला. मध्ये यांची भांडणं, रुसवे, सगळं बघितलेलं असतं आपण, त्यामुळे लग्न लागतं तेव्हा आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं वाटतं. डीप स्पेस नाइन ह्या दुसऱ्या ट्रेक मालिकेतले ओडो आणि कीरा तर त्याच्याही पुढे, ओडोचं मन आपल्याला तिसऱ्या सीझनला कळतं आणि गाडी रुळावर येते सहाव्यात. तोवर तो बिचारा एकटाच वितळून झोपतोय. (ओडो द्रवरूप आहे, त्याचं असंच असतं.)

आता सेव्हनकडे परत. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की चकोटे-सेव्हन जमवायचंच होतं तर माल हाताशी होता! सेव्हनला बोर्गांपासून तोडलं कोणी? चकोटेने. त्याच्या डोक्याचा पूर्वी एकदा काही मुक्त झालेल्या बोर्गांशी दुवा जुळला होता, त्याचाच उरलासुरला धागा वापरून तो हिच्या मनात शिरतो, लहानपणच्या अ‍ॅनिकाला जागं करतो आणि तेवढ्या वेळात बाकीचे हिची जोडणी तोडतात. म्हणजे यानावर तिच्या डोक्यात आत जाऊन आलेला पहिला माणूस हा. त्यात बोर्गांशी युती करायला (सेव्हन त्यातूनच यानावर आली) ह्याचाच कडाडून विरोध होता, त्यावरून जेनवेशी वाजलं होतं. ज्याला आपण यानावर नको होतो त्यानेच आपल्याला परत माणूस केलं, ह्या एका गोष्टीवर दोन सीझन निघाले असते राव. राग, उपकार, अविश्वास, सगळं होतं तिथे. आणि ह्यांनी ते सगळं विसरून जाऊन डायरेक्ट डेट दाखवली.

सातव्या सीझनच्या शेवटाकडे एक भाग आहे, ह्यूमन एरर नावाचा. त्यात सेव्हन होलोडेकमध्ये (हवं ते खोटं जग खऱ्यासारखं उभं करणारी यानावरची खोली) गुपचूप स्वतःसाठी एक आयुष्य रचते, स्वतःची खोली, मित्रमंडळी, आणि प्रियकर म्हणून चकोटेची प्रतिमा. खऱ्या चकोटेला ह्यातलं काही माहीत नाही. आणि भावना फार उसळल्या की तिच्या आतलं बोर्गांचं यंत्र तिला बंदच पाडतं, म्हणजे बोर्गांनी प्रेमाची वाटच आतून बुजवून ठेवलेली. हा भाग मला आवडतो, खरंच आवडतो, कारण ही अस्सल सायन्स फिक्शन आहे. ती चकोटेच्या प्रेमात आहे का? की आपल्याला कोणीतरी असावं ह्या कल्पनेच्या? चकोटेच का, जवळपास असलेला त्यातल्या त्यात शांत माणूस म्हणून? केवढे प्रश्न. शेवटी ती तो सगळा प्रोग्रॅमच बंद करते आणि कामाला लागते, बघवत नाही.

पण असं काही केल्यावर ते समोरच्याला कळलं तर काय होतं हे ट्रेकने आधीच दाखवून ठेवलं होतं! नेक्स्ट जनरेशन ह्या आधीच्या ट्रेक मालिकेत यानावरचा जॉर्डी होलोडेकमध्ये लीआ ब्राह्म्स नावाच्या इंजिनियरची प्रतिमा बनवतो, १९८९ चा भाग, कामासाठी म्हणून बनवतो आणि पडतो तिच्या प्रेमात. मग १९९१ मध्ये खरी लीआ यानावर येते. ती विवाहित, स्वभावाने फटकळ, आणि तिला तो प्रोग्रॅम सापडतो. जी भडकते ती! आणि भडकायलाच हवं, आपल्या परवानगीशिवाय आपली गोडगोड आवृत्ती कोणीतरी बनवून ठेवलीय म्हटल्यावर कोणाचं डोकं फिरणार नाही. (तो भाग नंतर जॉर्डीला जरा जास्तच सांभाळून घेतो, आणि शेवटच्या भागातल्या भविष्यात जॉर्डीच्या बायकोचं नाव लीआच निघतं, त्यावर माझा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी.) मुद्दा काय, तर दहा वर्षांपूर्वी स्वतःच घातलेलं कोडं समोर होतं. सेव्हनने चकोटेला सांगायचं होतं की मी असं असं केलं. तो अवघडला असता, कदाचित चिडला असता, आणि तिथून जे काही सुरू झालं असतं ते मी डोळ्यात पाणी आणून बघितलं असतं.

त्याऐवजी काय, तर मध्ये नॅचरल लॉ नावाचा भाग येतो, ज्यात हेच दोघं एका ग्रहावर अडकतात. दोघंच! चकोटेचा पाय दुखावलेला, तो तिथल्या लोकांमध्ये पडून, ही रानात वाट शोधत फिरतेय. कुठल्याही लेखकाला इतकं आयतं ताट मिळणार नाही. आणि संपूर्ण भागात प्रेमाचं नाव नाही, अवघडलेपणसुद्धा नाही, जणू मधला तो होलोडेक घडलाच नव्हता. आणि त्यानंतर बघता बघता शेवटचा भाग, डेट, लग्न, मृत्यू. आतल्या त्या यंत्राचं काय म्हणाल तर यानावरचा डॉक्टर म्हणतो की ते मला काढता येईल. एवढं मोठं बंद दार, आणि ते एका संवादात उघडून मोकळे.

डॉक्टरवरून आठवलं. तो स्वतः होलोग्राम, आणि सेव्हनला डेटिंगचे धडे देणारा तोच, १९९९ च्या एका भागात. सेव्हन आधी टॉम-बेलानाच्या मागे लागून त्यांच्या वागण्याच्या नोंदी करत असते आणि बेलाना तिच्यावर जाम उखडते, मग डॉक्टर हाताशी धरतो. डेट म्हणून जो लेफ्टनंट गाठलेला असतो त्याच्या खांद्याला ती नाचता नाचता दुखापत करून ठेवते, हसून हसून वाट लागते आपली. आणि डॉक्टर मात्र शिकवता शिकवता स्वतःच प्रेमात पडतो, तिला सांगू शकत नाही. एका भागात, पाऊण तासात, एका होलोग्रामचं प्रेम मला पटवून दिलं ह्या लोकांनी. त्यामुळे वेळ नव्हता ही सबब चालणार नाही. आणि तो अ‍ॅक्सम? सातव्या सीझनच्या तोंडावर कळतं की बोर्गांच्या झोपेतल्या त्या गुप्त जगात सेव्हनचा एक प्रियकर होता, सहा वर्षांचं नातं, तिला आठवतसुद्धा नव्हतं. तो खऱ्या जगात कुठेतरी भलत्याच कोपऱ्यात एका जहाजावर आहे. आता ह्याला शोधायची हुरहूर हिला लागेल की नाही? पण पुढे त्याचं नाव घ्यायलाही कोणाला सवड झाली नाही.

चकोटेचंही नुकसानच झालं म्हणा. दुसऱ्या सीझनला तो आणि जेनवे एका रोगामुळे एका ग्रहावर कायमचे मागे राहतात, निदान तसं वाटतं तरी. तिथे तो तिच्यासाठी आंघोळीचा टब बनवतो स्वतःच्या हातांनी, आणि एका चिडक्या योद्ध्याची गोष्ट सांगतो, जी अर्थातच स्वतःची असते. यान परत येतं, दोघं गणवेश चढवून पुन्हा "कॅप्टन" आणि "कमांडर". त्या टबावर लोकांनी पाच वर्षं आशा लावली होती. मला विचाराल तर ते तसंच अर्धवट राहिलेलं मला चाललं असतं, कॅप्टनने हाताखालच्या माणसावर प्रेम करू नये हा तिचा निर्णय पटतो मला. पण मग शेवटी त्याला कोणाच्या तरी गळ्यात बांधलंच पाहिजे ही घाई कशाला?

ही घाई शेवटच्या सीझनचा रोगच दिसतो. नेक्स्ट जनरेशनच्या शेवटच्या सीझनला वर्फ आणि ट्रॉय हे दोन सहकारी असेच चिकटवले. तिथे निदान एक निमित्त होतं, वर्फ समांतर विश्वांमधून घसरत जातो आणि एका विश्वात ट्रॉय त्याची बायको असते, म्हणून तो परत आल्यावर तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. हे मला अर्धं पटतं, दुसऱ्या विश्वातलं सुख बघून आलेला माणूस असा वागेल. पण १९९५ मध्ये तो डीप स्पेस नाइनवर गेला तेव्हा ट्रॉयचं प्रकरण हवेत विरलं, पुढे त्याने जॅडझियाशी लग्न केलं, आणि ट्रॉयने २००२ च्या सिनेमात रायकरशी. ट्रेकबाहेरच्या डॉक्टर हू ह्या ब्रिटिश मालिकेत तर १९७८ साली लीला, ती सुरी घेऊन फिरणारी लढवय्यी, जाता जाता एका पहारेकऱ्यांच्या सरदारासाठी गॅलिफ्रे ग्रहावर राहून गेली. त्याच्याशी ती धड चार वाक्यंही मोकळेपणी बोलली नसेल. बाईचं पात्र बाजूला करायचंय तर लग्न लावून टाका, म्हणजे पुढचे प्रश्नच मिटले.

सेव्हन २०२० मध्ये पिकार्ड ह्या ट्रेकच्याच मालिकेत परत आली तेव्हा मी धास्तावून बसले होते की आता चकोटेचं काय सांगतात. काहीच सांगितलं नाही. बरं वाटलं मला, अगदी मनापासून. ही सेव्हन थकलेली, चिडलेली, स्वतःच्या नियमांनी जगणारी होती, त्या बोर्ग पोरांमधला, पोरासारखा वाढवलेला इचेब गमावलेली. आणि मग सीझनच्या अगदी शेवटी, एका खेळाच्या पटावर तिच्या आणि सोबतच्या रॅफीच्या बोटांत बोटं. मी म्हटलं झालं, परत तेच! दोघींचं आधी काहीच दाखवलेलं नाही. पण यावेळी निदान पुढच्या सीझनला बसून काम केलं, दोघींचं पटत का नाही, कोण कोणापासून पळतंय, ते दाखवलं. जरा घाईने दाखवलं पण दाखवलं. आणि २०२३ मध्ये तिसऱ्या सीझनच्या शेवटी सेव्हन एंटरप्राइजची कॅप्टन झाली, रॅफी तिची फर्स्ट ऑफिसर. कॅप्टनने हाताखालच्या माणसावर प्रेम करावं की नाही हा जेनवेचा जुना प्रश्न आता हिच्या समोर आहे, आणि ह्यावर एक अख्खी मालिका काढली तर मी बघायला बसलेच आहे, फक्त शेवटच्या भागात उरकू नका.